खंडेनवमीचे कुंकू

"आई, इन्व्हर्टरचं झाकण उघडू नका. ई-रिक्षाच्या मोटरला किती व्होल्टेज द्यायचं, ते हाच ठरवतो," सून ऋजुता काकुळतीने म्हणाली.

"खंडेनवमीला म्यानाची पूजा करतात की तलवारीची?" कुमुदबाईंनी झाकण काढायला लावले आणि ओल्या बोटांनी आत हळदकुंकू वाहिले.

दसरा उलटताच गिऱ्हाईक आले. ही मागणी हुकली, तर कारखान्याला कुलूप लागणार होते. ऋजुताने कळ दाबली. व्होल्टेज आवरेना, मोटर किंचाळली आणि इन्व्हर्टरमधून धूर निघाला. गिऱ्हाईक चहाही न घेता गेले.

ऋजुताने झाकण उचलले. आतले लाल ओघळ दोघींनीही पाहिले. "माझीच जोडणी चुकली," ती कामगारांना म्हणाली.

कुमुदबाईंना खरे सांगायचे होते. पण सारे कामगार त्यांच्याकडेच पाहत होते.

"पुढच्या वेळी लक्ष ठेव," त्या म्हणाल्या.