रंग बदललेली पट्टी

डेअरीतल्या शीतगृहाच्या पाइपच्या जोडात गळती रोखणारं नवं गॅस्केट बसवून शेडबाळ्यांनी चाचणीपुरता थोडा अमोनिया वायू सोडला आणि जोडावर साबणाचं पाणी फिरवलं. एकही फुगा आला नाही. पण वर गुंडाळलेली, गळतीनं रंग बदलणारी नवी पट्टी किंचित निळी झाली होती.

"काका, तीस वर्षं साबणावर भरवसा ठेवलात, आता या चिंधीवर ठेवणार?" सुपरवायझर हसला. "सोडा गॅस. टँकर खोळंबलेत."

गेल्या वर्षी शेडबाळ्यांच्या बायकोचं जेवण कमी झालं होतं. विचारलं की ती म्हणायची, "काही नाही हो, पित्त आहे." वरून काही दिसत नव्हतं, म्हणून त्यांनीही सोडून दिलं. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा उशीर झाला होता. आषाढात ती गेली.

शेडबाळ्यांनी कॉक बंद केला.

"अहो, फुगा कुठे आलाय?"

"नाही आला. पण ही स्वतःहून सांगतेय," असं म्हणून त्यांनी जोड खोलायला घेतला.