अकोल्याच्या उन्हात आइस हॉकी

"आमच्या उन्हाला तुम्ही घाबरलात आणि दोष मात्र बर्फाला दिलात!" कर्णधार शरयू वानखडे माइकवरून लीगच्या साहेबांवर कडाडली.

उन्हातही गोठून राहणारा नवा बर्फ निघाला, तरी 'त्याचा भरवसा नाही' म्हणत लीग आइस हॉकीचे मोठे सामने बंद हॉलमध्येच घेई. आज अकोल्यात, भर मे महिन्यात, उघड्या स्टेडियममध्ये त्याची पहिली परीक्षा होती. एक जरी तडा गेला, तरी सामने कायमचे पुण्याला जाणार होते.

मैदानात उतरलं की नारळ फोडायचा, या सवयीने गोलकीपर पुष्पलताने नारळ थेट बर्फावरच आपटला.

"अगं बये, काय केलंस!" शरयू ओरडली. डोक्याला ओले दुपट्टे बांधलेलं अख्खं स्टेडियम उठून उभं राहिलं.

पंचांनी वाकून बर्फावरून बोट फिरवलं. नारळाची दोन भकलं झाली होती, बर्फावर साधा ओरखडा नव्हता. सांडलेलं पाणी मात्र तिथंच गोठलं होतं. त्यावरून पंचच घसरून बसले आणि लोक हसून हसून लोळले.

गारेगार खोबरं चावत शरयू साहेबांसमोर उभी राहिली.

"आता सगळ्यांसमोर बोला, पुढचे सामने इथंच होणार की नाही?"