बोटभर मध

टिक्. चमचा काचेला लागला.

कपड्यांच्या घड्या घालणारे आईचे हात थांबले. एवढासा आवाज, आणि तो इथवर ऐकू आला! घर इतकं गप्प कधी झालं? या वेळेला तर बाळ घर डोक्यावर घ्यायचं.

कालपासून ते नुसतं झोपून होतं. "शहाणं झालं हो तुझं बाळ," शेजारीण म्हणाली होती. "झोपतंय तर झोपू दे, तूही पाठ टेक," नवरा म्हणाला होता. तिने टेकलीही होती. पण सकाळपासून छाती दुधाने दगड झाली होती. बाळ तोंड लावायचं आणि सोडून द्यायचं.

ती आतल्या खोलीच्या दारात आली. थोरली पाळण्याजवळ स्टुलावर चढून बसली होती, मांडीत मधाची बरणी. हिचं नाक सदा चोंदलेलं, झोपेत सूं सूं वाजणारं, म्हणून बाबांनी नाव ठेवलेलं शिट्टी. औषधांच्या बाटल्या आल्या नि गेल्या, पण कपाळातला ठणका काही हटेना. शेवटी आईनेच मध सुरू केला, आणि पोरगी तोंड मिटून झोपू लागली.

शिट्टीने चमच्यातल्या मधात बोट बुडवलं आणि बाळाच्या ओठांवरून फिरवलं. बाळाने चाटलं नाही. मध हनुवटीवरून खाली ओघळला.

"काय करतेस गं?"

"औषध देते. ह्याचं पण नाक घुरघुरतं." शिट्टीने आवाज खाली आणला. "मधात जंतूंचे पाय चिकटतात. मग त्यांना पळताच येत नाही. तूच तर सांगितलंस."

सांगितलं होतं. वर्षाच्या आतल्या बाळाला तोच मध बाधू शकतो, जिवावर बेतू शकतो, हे मात्र सांगितलं नव्हतं. बरणी वरच्या फळीवर ठेवली की झालं, असं तिला वाटलं होतं.

"कधीपासून देतेस?"

"माझं नाक उघडलं ना, तेव्हापासून. रोज. बोटभरच हं आई, जास्त नाही. माझ्यातलाच देते."

आईने बाळाला उचललं. मान हातावरून मागे कलंडली. पापण्या अर्ध्यावर अडकलेल्या. तिने तळपायाला टिचकी मारली, मग जरा जोरात. बाळाचं तोंड रडायला उघडलं. आवाज मांजराच्या पिलाएवढाही निघाला नाही.

दवाखान्यातल्या नर्सने फोनवर सगळं ऐकून घेतलं. मध म्हटल्यावर ती थबकली.

"शी होतेय का त्याला?"

"नाही. परवापासून नाही."

"ताई, इकडे आणू नका. थेट मोठ्या हॉस्पिटलात न्या. तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा नाही. आणि श्वासाकडे लक्ष ठेवा. मी त्यांना फोन करून ठेवते. निघा, बोलत बसू नका."

दार ओढून घेतलं की नाही, हे तिच्या लक्षात राहिलं नाही. बाळाच्या नाकाशी गाल टेकवून ती जिना उतरत होती. गालावर ऊब यायची. मध्येच यायची नाही. तेव्हा तिचं पाऊल पायरीवर थांबायचं, ऊब आली की पुढे पडायचं.

मागून शिट्टी उलटसुलट चपला घालून, कठडा धरून उतरत होती.

"आई, मी चुकले का गं?"

"नाही सोन्या. मी चुकले."

शिट्टीने जरा विचार केला. मग तिने आईच्या कुर्त्याचं टोक घट्ट धरलं.

"मग बाळ मोठं झालं की आपण त्याला सांगायचं का, मी मध दिला होता म्हणून?"