निळ्या काठाची ताटली

ओट्यावर डुकराच्या मांसाचे अठ्ठेचाळीस काप होते, सगळे एका जाडीचे. शेजारी भिजवलेली काळी अळंबी मूठभर, काकडीच्या तिरक्या चकत्या, आल्याचे चार तुकडे, लसणाची पात. दोन वाट्यांत बटाट्याचं पीठ पाण्यात कालवलेलं. ताटल्या दोन, एक पांढरी आणि एक निळ्या काठाची. कढई एकच.

"एवढं एकदम टाकलं तर परतलं जात नाही, नुसतं शिजतं," सासूबाई म्हणाल्या. "निम्मं वेन्ली करेल, निम्मं रुईचिन."

त्या स्टुलावर बसल्या. त्यांचा उजवा खांदा हिवाळा लागल्यापासून वर जात नव्हता. आज सासऱ्यांच्या सत्तरीचं जेवण होतं, घरचीच आठ माणसं. नवं वर्ष तीन आठवड्यांवर आलं होतं, आणि त्या रात्रीच्या मोठ्या जेवणाची चूल आता कोणत्या सुनेकडे जाणार, हे सासूबाईंनी अजून सांगितलं नव्हतं.

रुईचिन थोरली. अकरा वर्षं ती याच ओट्याशी सासूबाईंच्या हाताखाली उभी होती. वेन्लीचं हे घरातलं दुसरं वर्ष. भिंतीवरच्या खिळ्याचा डाव काढायलासुद्धा तिला टाचा उंच कराव्या लागत.

"चाखायचा चमचा वेगळा ठेव," रुईचिन तिला म्हणाली. "उष्टा चमचा कढईत गेला की रसाचं पाणी होतं."

"ठेवलाय, ताई. मागच्या वेळी तुम्हीच ओरडला होतात."

वेन्लीने काप तेलात सोडले, हलवले, अळंबी टाकली, सोया सॉस आणि हाडांचं पाणी ओतलं. तोवर वाटीतलं पीठ तळाशी जाऊन बसलं होतं. वर नुसतं पाणी. रुईचिनला ते दिसत होतं. वेन्लीने वाटी उचलली. ती तशीच ओतणार, असं वाटलं. रुईचिनने ओठ मिटून घेतले आणि काकडी नीट रचायला लागली.

कढईवर वाटी कलती करता करता वेन्ली थांबली. तिने बोट घालून तळ खरवडला, दोनदा फिरवला आणि धार धरली. रस चमकला. तिने कढई उचलून पांढऱ्या ताटलीत रिकामी केली.

"हं," सासूबाई म्हणाल्या.

अकरा वर्षांत रुईचिनच्या वाट्याला तो हुंकार किती वेळा आला होता, ते तिला आठवेना.

तिची पाळी आली. तिने सगळं तसंच केलं, उलट जास्त नेटकं. पीठ तीनदा ढवळलं, तीन धारांत ओतलं. रस दाटला. पांढऱ्या ताटलीकडे एकदा बघून तिने डब्यातलं आणखी एक चमचा पीठ कालवलं आणि तेही ओतलं. तिचा रस फुटायला नको होता.

जेवायला बसताना निळ्या काठाची ताटली तिने सासऱ्यांच्या अगदी पुढ्यात ठेवली. पांढरी पलीकडे, माशाच्या मागे.

सासऱ्यांनी निळ्या ताटलीतला एक काप घेतला. मग हात लांबवून, तीच ताटली ओलांडून, पांढरीतला घेतला. मग पुन्हा पांढरीतला.

"बाबा, बाही बुडेल," धाकटा मुलगा म्हणाला.

"बुडू दे. ती पण चाटीन."

सगळे हसले. रुईचिनच्या नवऱ्याने, क्वोलियांगने, निळ्या ताटलीत जेवायच्या काड्या घातल्या. काप उचलला तर शेजारचे दोन त्याला चिकटून वर आले.

"रुईचिन, यातला थोडा ठेवून दे. नव्या वर्षाच्या लाल पट्ट्या दारावर चिकटवायला खळ नको करायला."

"तुम्हाला पातळ आवडतं ना, मग तिकडे जेवा," ती म्हणाली.

"तिकडेच तर जेवतोय."

तीही जेवली. पांढऱ्या ताटलीतला एक काप घेतला, काय चुकलंय ते बघायला. ते सापडेना, म्हणून आणखी एक घेतला.

जेवणं उरकल्यावर तिने ताटल्या ओट्यावर आणल्या. पांढरीत मांस उरलं नव्हतं. तळाशी रस होता, आणि तो आता रस राहिला नव्हता. ताटली कलती केली तशी तपकिरी पाणी या काठापासून त्या काठापर्यंत धावलं.

तिचा चेहरा उजळला. ताटली तशीच धरून ती स्टुलापाशी गेली.

"बघा, आई. वेन्लीचा रस फुटला. मी सांगत होते, उष्टा चमचा घातला असणार."

"चमचा वेगळाच होता. तू तर तिच्या हातावरची नजर काढली नाहीस."

"मग पाणी कशाने झालं?"

सासूबाईंनी ताटलीत डोकावून पाहिलं.

"आठ माणसांच्या उष्ट्या काड्या फिरल्यात त्यात," त्या म्हणाल्या. "तुझीसुद्धा." मग डावा हात गुडघ्यावर रेटून त्या उठल्या. "क्वोलियांगला सांग, डावाचा खिळा वीतभर खाली ठोकायला. वेन्लीचा हात पोचत नाही."

त्या बाहेर गेल्या. बाहेर सासरे काहीतरी बोलले आणि वेन्ली हसली.

रुईचिनने पांढरी ताटली धुऊन उपडी घातली. मग निळ्या काठाची उचलली आणि कलती केली. रस हलला नाही. तिने आणखी कलती केली. मग खाली ठेवली आणि काप मोजले.

चोवीसपैकी एकोणीस.