सासऱ्यांचं मौन

पहिल्या वर्षी तिने नेमलेल्या कादंबरीवर लिहिलं, ‘गोष्ट छान आहे, पण सासरे मधेच कुठे गायब झाले ते कळलं नाही.’ सरांनी लाल शाईत शेरा मारला: बाळबोध!

तिसऱ्या वर्षी त्याच कादंबरीवर तिने लिहिलं, ‘सासऱ्यांचं नाहीसं होणं म्हणजे ढासळत्या पुरुषसत्तेचं मौन.’ सरांनी ते भर वर्गात वाचून दाखवलं. “याला म्हणतात प्रगती!”

काल मैत्रिणीची प्रत हातात आली, ती जरा जाडच निघाली. त्यातल्या जादा पानांत सासरे न्हाणीघरात पाय घसरून रीतसर वारले होते. ती धावतच सरांकडे गेली. “सर, माझ्या प्रतीत ही पानं बांधायचीच राहिलीत!”

सरांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला.

 

“म्हणजे, तुझ्याही?”