तानुबाईंचा बोलता हात

बेबाबाईने आधी हात जोडले, मग कान लावला. तानुबाईंच्या डाव्या दंडाला.

आत घूं-घूं चालू होतं. कातडीखाली नळी होती, डायलिसिससाठी जळगावच्या डॉक्टरांनी बसवलेली, नकली रक्तवाहिनी. तिला आतून औषधाचा लेप. रक्त गोठू न देणारा. ‘लेपामुळे रक्ताला ही नळी परकी वाटत नाही,’ डॉक्टर म्हणाले होते. ‘पण ती दाबायची नाही. रोज हात लावून बघा. घूं-घूं थांबलं, की तसेच निघा. जेवत असलात तरी.’

तानुबाईंच्या मुलाने, प्रेमराजने, हे गल्लीत सांगितलं. गल्लीने त्यातलं एवढंच घेतलं: तानुबाईंच्या हातात कानबाई माय बोलते.

आज कानबाईचा, खानदेशच्या देवीच्या सणाचा, रविवार. ओसरी बायकांनी भरलेली. विचारायचं, आणि आवाज चालू राहिला की हो समजायचं. तो चालूच राहायचा. केळीला भाव येईल? हो. पोरीचं जमेल? हो. सगळ्यांचं हो.

तानुबाई सकाळपासून निर्जळी होत्या. “डॉक्टरले नको सांगजो,” त्यांनी सुनेला बजावलं होतं.

“माय,” बेबाबाई म्हणाली, “माझा अभिमन सुरतले गेला तो गेलाच. ना फोन, ना निरोप. जिता असीन तं बोलत राह्य.”

“बेबा, कान हाये का पाटा?” मागून कोणीतरी म्हणालं. “हलका ठेव ना जरा!”

बायका हसल्या. बेबाबाईने दोन्ही हातांनी तो दंड कानाशी घट्ट धरला, लांबून आलेला फोन धरावा तसा.

घूं-घूं

घूं

 

“बोल ना माय.”

तिने आणखी दाबलं.

“बोल ना.”

ओसरीवरचं हसणं विझलं. तानुबाईंनी आपला तळवा दंडावर ठेवला. तो उचलून प्रेमराजने आपला ठेवला. तो उचलून सुनेने, मेघाने.

“गाडी काढ,” तानुबाई म्हणाल्या.

बेबाबाई हात सोडेना. “तिनं उत्तर नाही दिलं अजून.” तिला ओढण्यात वेळ गेला असता. तीही गाडीत बसली.

जळगावच्या वाटेवरचं नशिराबाद मागे पडलं. मागच्या सीटवर दोघी म्हाताऱ्या, मध्ये तो हात.

“बोलली!” बेबाबाई ओरडली. “बोलू राह्यली माय!”

मेघाने पुढून वळून तळवा टेकवला. घूं-घूं. खरंच. तिचे डोळे भरले. हात मागे घेताना तो सीटला लागला. तिथेही घूं-घूं. तिने दाराला हात लावला. काचेला. बेबाबाईच्या गुडघ्याला.

सगळीकडे तेच.

“गाडीचं आहे का मग?” प्रेमराजने विचारलं.

“कळत नाही.”

“इंजिन बंद करून बघू. एकच मिनिट.” त्याने गाडी कडेला घेतली. किल्लीला बोटं लावली.

मागे बेबाबाई कान लावून हसत होती. तोंड आसवांनी ओलं. तानुबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे.

“नको,” त्या म्हणाल्या. “चालू राहू दे.”