भवानीचं गिऱ्हाईक

"चार हजार," चंद्रप्रकाश राणे तिसऱ्यांदा म्हणाले.

"काका, नऊ हजार आठशेची सायकल आहे," दुकानदार निहार म्हणाला.

मुलुंडच्या त्या दुकानाचं शटर नुकतंच वर गेलं होतं. राणे मुद्दाम भवानीच्या वेळेला आले होते. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक कुणी परत पाठवत नाही, यावर त्यांचा गाढा विश्वास.

शेजारी उभ्या सौरभचं डोकं उठलं होतं. साखर वाढलीय, वडिलांना सायकलवर बसवा, असं डॉक्टर केव्हापासून सांगत होते. पण म्हातारा एक नंबरचा हट्टी. मुलाच्या पैशाला हात लावायचा नाही आणि स्वतःच्या पेन्शनमधून पाच हजारांवर दमडी काढायची नाही. आज बिनसलं, तर पुन्हा ते या दुकानाची पायरी चढणार नव्हते.

"बाबा, वरचे मी देतो ना."

"गप रव," राणे म्हणाले.

त्यांनी चाकं फिरवली, ब्रेक दाबले, सीटला नावं ठेवली. "घंटी प्लास्टिकची. आणि हिचे नऊ हजार?"

"बरं, सात द्या."

"चल रे सौरभ." राणे सरळ पायरी उतरले. सौरभने निहारकडे खाऊ की गिळू अशा नजरेने पाहिलं.

"थांबा ओ काका," निहारने कपाळाला हात लावला. "भवानीची वेळ आहे, काय बोलणार तुम्हाला? द्या पाच हजार."

राण्यांनी पैसे दिले. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "बघितलंस? तुम्हा पोरांना भाव करता येत नाही, म्हणून सगळे लुटतात तुम्हाला."

ते सायकल ढकलत फुटपाथवर गेले. सौरभने सुटकेचा निःश्वास सोडला. वरचे चार हजार आठशे त्याने आदल्या संध्याकाळीच गुपचूप निहारला देऊन ठेवले होते.

"किती ताणायचं यार? पाचवर ये म्हटलं होतं ना तुला?" तो कुजबुजला.

"पटकन उतरलो असतो तर काकांना संशय आला असता."

ते खरंच होतं. सौरभला पहिल्यांदाच हसू आलं. बाहेर राणे फोनवर कट्ट्यावरच्या मित्राशी बोलत होते.

"बाळ, कट्ट्यावरच्या सगळ्यांना घेऊन ये, आठही जणांना. सायकलीचे पाच हजार बोलून बसलाय तो, आता शब्द फिरवू देत नाही मी."